राजमाचीची पायपीट आणि शेवटच्या माणसाचं गणित

हा लेख ट्रेकचं वर्णन म्हणून वाचायला घेतला असेल तर थोडी निराशा होईल. सूर्योदय, धुकं, गडावरचा वारा वगैरे यात फारसं नाही. २० ऑक्टोबर २०२४ च्या रविवारी आपल्या हॉस्टेलमधले आम्ही अठराजण लोणावळ्याहून राजमाचीला आणि तिथून खाली कर्जतला चालत गेलो. जे दोन तास अंधार पडायच्या आत व्हायचं ते अंधारात झालं, आणि एकजण आजारी पडता पडता वाचला. वेळापत्रक माझं होतं. त्यामुळे चूक कुठे झाली ते शोधायची जबाबदारीही माझीच. ती शोधताना जे सापडलं ते मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनवाल्यांच्या अभ्यासक्रमातलंच निघालं, म्हणून मॅगझिनसाठी लिहून काढलं.

आधी जागा सांगतो. लोणावळा स्टेशनवरून तुंगार्लीच्या धरणावरून जी कच्ची गाडीवाट निघते ती साधारण पंधरा-सोळा किलोमीटरवर उधेवाडीला संपते. उधेवाडी म्हणजे राजमाचीच्या माचीवरचं छोटं गाव. त्याच्या डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, आणि दोघांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ. एका बाजूला उल्हास नदीची खोल दरी, पलीकडे नागफणीचं टोक, उत्तरेला ढाकचा डोंगर. कोकणातल्या बंदरांकडून बोरघाट चढून देशावर येणाऱ्या जुन्या वाटेवर नजर ठेवायला याहून चांगली जागा नाही. गावातून पश्चिमेला एक पायवाट जंगलातून उतरते, ती कोंढाण्याच्या लेण्यांवरून कोंदिवड्याला आणि पुढे कर्जतला जाते. लोणावळ्याहून चढायचं आणि कर्जतला उतरायचं, हा या भागातला नेहमीचा एका दिवसाचा बेत. हजारो लोकांनी केलेला आहे. त्यात धाडस वगैरे काही नाही.

दिवसही असा होता की कोणालाही मोह व्हावा. कोजागिरी नुकतीच झालेली. पाऊस सरलेला, पण ओढ्यांना अजून पाणी. कातळावर सोनकीची पिवळी फुलं, खाचरांत भात पिवळं पडायला लागलेलं, काही ठिकाणी कापणीही सुरू. जुलैत याच वाटेवर गुडघाभर चिखल असतो आणि एप्रिलमध्ये सावली शोधावी लागते. ऑक्टोबरात दोन्ही नाही, म्हणून आपण गाफील राहतो. मी तरी राहिलो.

माझं वेळापत्रक शास्त्रशुद्ध होतं बरं का! विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम सांगितला. नकाशावरच्या दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आपल्या मापात सांगायचं तर ताशी पाच किलोमीटर, अधिक दर सहाशे मीटर चढाला एक तास. मी सोळा किलोमीटर धरले, वाटेतले छोटे चढ मिळून तीनशे मीटर धरले. उत्तर आलं तीन तास बेचाळीस मिनिटं. त्यात दहा-दहा मिनिटांचे चार थांबे घातले. सात पन्नासला निघायचं, सव्वाबाराला गावात, श्रीवर्धन बघून जेवून अडीचला उतरायला सुरुवात, लेणी अर्धा तास बघून पाचला कोंदिवडे. सूर्यास्त सहा-दहाच्या आसपास. म्हणजे एक तासाचा फॅक्टर ऑफ सेफ्टी. हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर हे सगळं छापील लावलं होतं आणि एका सरांनी येता-जाता कौतुकही केलं होतं.

आता प्रत्यक्षात काय झालं ते. आमच्यात दोन माणसं महत्त्वाची. एक 'लंबू'. सहा फूट, रोज पहाटे ग्राउंडला पाच फेऱ्या. दुसरा 'काका'. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेला, वयाने आमच्यापेक्षा मोठा, अंगाने भरलेला, स्वभावाने सगळ्यांचा काका. कोणाची फी भरायची राहिली, कोणाला ताप आला, की पहिला काका. त्या दिवशी संकष्टी होती आणि काकाची संकष्टी कधी चुकत नाही. पहाटेची लोकल पकडायची म्हणून खिचडी वगैरे काही झाली नव्हती. दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे, एवढ्यावर तो निघाला. वर त्याची सॅक मोठी. "काका, तुझ्याकडे जागा आहे ना रे?" असं म्हणत फर्स्ट एडचा डबा, दोर, तिघांची जर्किनं आणि सगळ्यांच्या जेवणातली काकडी-टोमॅटोची पिशवी त्याच्याकडे गेली होती. त्याने नाही म्हटलं नाही. तो कधीच म्हणत नाही.

मी वहीत वेळा लिहीत होतो. पहिल्या थांब्यावर लंबू पोहोचल्यावर आठ मिनिटांनी काका आला. दुसऱ्यावर चौदा. तिसऱ्यावर एकोणीस. चौथ्यावर सव्वीस. मला तेव्हा या आकड्यांत फक्त काकाचा स्टॅमिना कमी होताना दिसला. "काका, दम मारला की नाही? चला!" असं ओरडून आम्ही उठायचो. शेवटच्या टप्प्यात चढावर त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. लंबू बारा पन्नासला गावात पोहोचला आणि काका, दोघांच्या खांद्यावर हात टाकून, एक पस्तीसला. चेहरा पांढराफटक, डोकं गरगरतंय म्हणाला. बाटली बघितली तर कोरडी. कधी संपली विचारलं तर म्हणाला, "मघाशीच." मी आदल्या थांब्यावर "पाणी आहे ना?" असं विचारलं होतं, आणि तो "आहे" म्हणाला होता.

हे असं का झालं ते आता बैजवार बघू. सोयीसाठी गोल आकडे घेतो. समजा लंबूचा वेग ताशी पाच किलोमीटर, काकाचा साडेतीन. थांबे दर अडीच किलोमीटरला. लंबू अर्ध्या तासात थांब्यावर पोहोचतो. काकाला त्याच अंतराला त्रेचाळीस मिनिटं लागतात. म्हणजे लंबू तेरा मिनिटं बसतो, पाणी पितो, फोटो काढतो. काका आला की "आले सगळे, निघू या" होतं. काकाची विश्रांती शून्य. पंधरा किलोमीटरमध्ये असे सहा टप्पे. लंबू तीन तास चालला आणि जवळजवळ सव्वा तास बसला. काका चार तास सतरा मिनिटं सलग चालला. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्याला ती मिळतच नाही, आणि ज्याला गरज नाही त्याला भरपूर मिळते. थांबे वेळापत्रकात होते. ते काकाच्या वाट्याला कधी आलेच नाहीत.

आणि दमलेला माणूस साडेतीनच्या वेगाने चालत राहत नाही. तो तीनवर येतो, मग अडीचवर. अंतर वाढतं, पुढच्यांचा बसायचा वेळ वाढतो, ते आणखी ताजेतवाने होऊन निघतात. माझ्या वहीतले आठ, चौदा, एकोणीस, सव्वीस हे आकडे काकाचा स्टॅमिना मोजत नव्हते, आमची चालण्याची पद्धत मोजत होते.

त्यात ऑक्टोबरचं ऊन. आपण त्याला ऑक्टोबर हीट म्हणून सोडून देतो, पण त्यात मेकॅनिकलच्या पोरांना रस वाटावा असं थर्मोडायनॅमिक्स आहे. चालताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातली जेमतेम पाव हिस्सा कामाला येते, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे २,४०० किलोजूल उष्णता जाते. तासाभरात वाळला तर हा जवळजवळ ६७० वॉटचा कूलर झाला. पण अट अशी की तो वाळला पाहिजे. पावसानंतर जमीन भिजलेली असते, आकाश मोकळं होतं, ऊन थेट पडतं आणि जमिनीतली वाफ हवेत राहते. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी जातं, मीठ जातं, आणि कूलर मात्र अर्धाच चालतो. म्हणून थर्मामीटरवर मे महिन्यापेक्षा आकडा कमी असूनही माणूस ढेपाळतो. उपाशीपोटी, सॅकमध्ये आठ-नऊ किलो घेऊन, न थांबता चालणारा तर नक्कीच.

गावात एका घरी जेवणाचं सांगितलं होतं. तिथल्या आजींनी काकाकडे एकदा पाहिलं आणि त्याला ओटीवर सावलीत आडवं केलं. पाय उंच ठेवायला पोत्याची घडी दिली. मग तांब्याभर ताक आणलं, त्यात मीठ. काका म्हणाला, "आजी, उपास आहे."

"आरं लेकरा, ताक चालतंय उपासाला. मीठबी चालतंय. पी गुमान."

काका गुमान प्यायला. नंतर आमच्यातल्या एकाने सॅकमधलं क्षारसंजीवनीचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून तासाभरात थोडं थोडं पाजलं. (पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. हे प्रमाण पाठ असू द्या, मीठ अंदाजाने टाकू नका.) तासाभरात त्याच्या चेहऱ्यावर रंग आला.

आणि आम्ही काय केलं? आम्ही पिठलं-भाकरी खाऊन श्रीवर्धन बघायला गेलो. मीही गेलो. काकाजवळ दोघं बसले होते हे खरं, पण वेळापत्रक माझं होतं आणि सव्वातास आधीच उडाला आहे हे मला माहीत होतं. गडावरून खाली यायला पावणेचार झाले. काकाला गाडीने लोणावळ्याला पाठवावं म्हटलं तर गावातली गाडी सकाळीच बाजाराला गेलेली. राहावं म्हटलं तर सोमवारी सबमिशन! आज विचार करतो तेव्हा वाटतं, सरळ राहायला हवं होतं. सबमिशन कोणाचं बुडत नाही, सर दोन दिवस रागावतात इतकंच. पण तेव्हा काका स्वतःच उठून बूट घालायला लागला आणि आम्हाला तेवढं निमित्त पुरलं. चार वीसला निघालो.

इथे माझी दुसरी चूक. महिनाभरापूर्वी, सप्टेंबरच्या मध्यात, आम्ही सिंहगडावरून उतरलो होतो. साडेसहाला छान उजेड होता. तोच अंदाज माझ्या डोक्यात. पण आपल्या भागात १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या एका महिन्यात सूर्यास्त साधारण चोवीस मिनिटांनी अलीकडे येतो. गंमत म्हणजे सूर्योदय तेवढ्या काळात फक्त पाच-सहा मिनिटांनीच पुढे सरकतो. कारण दोन गोष्टी एकदम घडतात. दिवस अर्ध्या तासाने लहान होतो, म्हणजे दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा मिनिटं कापली जातात. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे घड्याळाच्या हिशोबात सूर्य डोक्यावर यायची वेळ या महिन्यात साडेनऊ मिनिटांनी अलीकडे येते. संध्याकाळी दोन्हींची बेरीज होते, सकाळी वजाबाकी. म्हणून पहाटे उठणाऱ्याला काहीच बदललेलं वाटत नाही आणि संध्याकाळी मात्र अंधार अंगावर आल्यासारखा येतो. त्यात आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा. झाडीत तेवढाही नाही.

"चंद्र असेल की! कोजागिरीला चारच दिवस झालेत," असं एकजण म्हणाला. त्यावर काका म्हणाला, "अरे, संकष्टी आहे. चंद्रोदय साडेआठच्या सुमाराला आहे. सकाळीच कॅलेंडर बघून आलोय." पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो, हे आम्हा अठरा भावी इंजिनियरांपैकी फक्त उपास करणाऱ्याला माहीत होतं.

निघताना गावातला एकजण आमच्याबरोबर आला. त्याला सगळे मामा म्हणत होते, आम्हीही मामा म्हणालो. त्यांची बहीण कोंदिवड्यात, त्यांना तिकडे जायचंच होतं. पायवाटेच्या तोंडाशी मामा थांबले आणि आम्हाला ओळीत उभं केलं. लंबू सवयीने पुढे. मामांनी त्याला दंडाला धरून सगळ्यात शेवटी नेलं आणि काकाला आपल्या मागे, पहिला उभा केला. मग काकाची सॅक उघडली आणि एकेक वस्तू काढून ज्याच्या त्याच्या हातात दिली. जर्किनं ज्याची त्याला गेली. दोर लंबूच्या गळ्यात.

"मामा, काका पुढे असेल तर सगळ्यांनाच उशीर होईल," मी म्हणालो.

"उशीर झालाच हाय. त्यो म्होरं असला की कुनी हरवत न्हाई."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वाट उतरते पाचशे मीटरपेक्षा जास्त. उतार म्हणजे सोपं असं आपल्याला वाटतं. वॉल्डो टोब्लर या भूगोलतज्ज्ञाने १९९३ मध्ये चालण्याच्या वेगाचं एक सूत्र दिलं. त्याप्रमाणे सपाटीवर वेग ताशी पाच किलोमीटर, सगळ्यात जास्त म्हणजे सहा किलोमीटर वेग हा अगदी हलक्या, शंभराला पाच अशा उतारावर. चाराला एक असा चढ असेल तर वेग येतो दोनवर. आणि तसाच उतार असेल तर? तीनवर. म्हणजे तीव्र उतारावर माणूस सपाटीपेक्षा हळूच चालतो, कारण प्रत्येक पावलाला ब्रेक लावावा लागतो. नेस्मिथच्या मूळ नियमात उताराचा हिशोबच नाही. त्यात आमच्या वाटेवर सुटे दगड आणि वाळलेली पानं. माझ्या वेळापत्रकात उताराचे दोन तास होते ते ताज्या पायांचे, दिवसाउजेडीचे आणि एकट्याचे.

सहा वीसला झाडीत पायाखालचं दिसेनासं झालं. अठराजणांत टॉर्च पाच. मोबाईल होते, पण दिवसभर फोटो काढून निम्म्यांची बॅटरी मेलेली. मामांनी टॉर्च ओळीत अंतराअंतराने वाटले आणि सांगितलं की उजेड आपल्या पायापुढे न्हाई, मागच्याच्या पायावर मारायचा. आम्ही एक ते अठरा आकडे घेतले आणि दर दहा मिनिटांनी आकडे पुकारले. काका एक, लंबू अठरा. काका थांबला की सगळे थांबायचे, आणि तो थांबला की खरंच बसायचा, पाणी प्यायचा. तो उठेपर्यंत कोणी उठत नव्हतं, कारण त्याच्या पुढे जायला वाटच नव्हती. लंबूच्या अंगात इतकी ताकद शिल्लक होती की शेवटून तो प्रत्येकाला हात देत होता, घसरलेल्याला धरत होता. सकाळी तीच ताकद थांब्यावर बसून शेंगदाण्याची टरफलं उडवण्यात गेली होती.

ज्या लेण्यांसाठी आम्ही ही वाट घेतली होती ती कोंढाण्याची लेणी आम्ही टॉर्चच्या उजेडात ओझरती बघितली. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातलं बौद्ध लेणं, लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात केलेली. तिथे एक कोरलेला लेख आहे, कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं अशा अर्थाचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थ्याने गुरूचं नाव आधी घालून केलेली सही! ती बघायची म्हणून मी वाचून गेलो होतो. अंधारात सापडली नाही आणि शोधायला वेळही नव्हता. पावणेआठला कोंदिवड्यात पोहोचलो. अठरा आकडे पुरे झाले.

आता यातला अभ्यासक्रमाचा भाग. परत आल्यावर इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या सरांना हे सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "लायब्ररीत जा, 'द गोल' काढ." एलियाहू गोल्डरॅट हा इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ. त्याने जेफ कॉक्सबरोबर १९८४ मध्ये ही कादंबरी लिहिली. कारखाना बुडायला आलेला एक मॅनेजर आपल्या मुलाच्या स्काउट पथकाला घेऊन दहा मैलांच्या पायी सहलीला जातो. पोरांची ओळ लांबत जाते. हर्बी नावाचा एक जाडा मुलगा मागे पडत राहतो. शेवटी मॅनेजर हर्बीला सगळ्यात पुढे आणतो आणि त्याच्या सॅकमधल्या वस्तू बाकीच्यांत वाटतो. त्यात एक लोखंडी तवासुद्धा निघतो! मी वाचता वाचता थांबलो. काका, जर्किनं, दोर, मामांचा हात, सगळं समोर आलं. मामांनी ते पुस्तक वाचलेलं असण्याची शक्यता कमी. त्यांना ते वाटेनेच शिकवलं असणार.

गोल्डरॅटला त्या सहलीत कारखाना दिसला. एकामागून एक चालणारी माणसं म्हणजे एकामागून एक लावलेली मशिन. पुढचा जितका चालतो तितकंच मागच्याला चालता येतं, जास्त नाही. प्रत्येकाचा वेग कमी-जास्त होत असतो. आपल्याला वाटतं की कमी-जास्त होऊन सरासरी निघेल. निघत नाही. कारण मागे पडलेलं अंतर मागच्याकडे साठत जातं आणि पुढे गेलेल्याचा फायदा मागच्याला मिळत नाही.

हे पटत नसेल तर मेसमधल्या पाच वाट्या, काड्यापेटी आणि एक फासा घ्या. कादंबरीतही पोरांबरोबर हाच खेळ आहे. पाचजण ओळीत बसा. पहिल्याजवळ हव्या तेवढ्या काड्या. ज्याला जेवढे दान पडेल तेवढ्या काड्या त्याने पुढच्या वाटीत टाकायच्या, पण स्वतःच्या वाटीत असतील तेवढ्याच. फाशाची सरासरी साडेतीन. म्हणजे दर फेरीला साडेतीन काड्या बाहेर पडायला हव्यात, नाही का? पहिल्या फेरीत दुसऱ्या माणसाकडून पुढे जाणाऱ्या काड्यांची सरासरी येते २.५३, आणि पाचव्याकडून बाहेर पडणाऱ्यांची १.५७. पुढच्या फेऱ्यांत वाट्यांमध्ये माल साठतो तसा आकडा सुधारतो, पण सुरुवातीची तूट भरून निघत नाही आणि मधल्या वाट्या तुंबत जातात. होस्टेलवर आम्ही वीस फेऱ्या खेळलो. सत्तर काड्या बाहेर पडतील अशी पैज लावणारे हरले, आणि चहा मला मिळाला.

दुसरं एक गणित माणसांच्या संख्येचं. समजा एका टप्प्यात एखाद्याला थांबावं लागायची शक्यता दहा टक्के. बुटाची नाडी, खडा, फोन, काहीही. चौघं असतील तर कोणीतरी थांबण्याची शक्यता चौतीस टक्के. अठरा असतील तर पंच्याऐंशी टक्के. अरुंद वाटेवर एकाची पाच मिनिटं म्हणजे त्याच्या मागच्या सगळ्यांची पाच मिनिटं. पुढच्यांना कळतच नाही, ते चालत राहतात आणि ओळ तुटते. नेस्मिथचा नियम चुकीचा नाही. तो धडधाकट माणसाच्या वेगाचा आहे. मी तो अठराजणांच्या ओळीला लावला, तोही लंबूकडे बघून.

जानेवारीत आम्ही पुन्हा एक छोटी चाल केली, तेव्हा वेळापत्रक काकाच्या वेगावर बांधलं. थांब्याची दहा मिनिटं शेवटचा माणूस बसल्यावर मोजायची, हा एकच नियम बोर्डावर लावला. थांब्यावर "पाणी आहे का?" असं विचारायचं नाही, बाटली हातात घेऊन बघायची, हे काकाने सुचवलं. मी त्याला तेव्हा विचारलं होतं, की बाबा, राजमाचीला पाणी संपलं हे सांगितलं का नाहीस? लाज वाटली?

तो म्हणाला, "लाज कसली? मी येऊन पोहोचायचो तेव्हा तुम्ही सगळे सॅका लावून उभे असायचात. सांगायला कोणी बसलेलं असायला नको?"

तर त्या रात्रीचं राहिलं. कोंदिवड्यातून टेंपो मिळून कर्जत स्टेशनला यायला नऊ वाजले. चंद्रोदय साडेआठचा, पण पूर्वेला सह्याद्रीची भिंत, त्यामुळे चंद्र काही दिसेना. रेक्टर सरांना फोन करून झाला होता, त्यांचं बोलणं ऐकून झालं होतं. लंबू जाऊन अठरा वडापाव घेऊन आला. कर्जतचा वडा, गरम, आणि दुपारपासून कोणाच्या पोटात काही नाही. काका म्हणाला, "खा रे तुम्ही, मी चंद्र दिसला की घेतो." कोणी पुडकं उघडलं नाही. आम्ही प्लॅटफॉर्मच्या टोकाला, जिथे पत्रा संपतो तिथे, ओळीने बसलो. वीसेक मिनिटांनी राजमाचीच्या बाजूला डोंगराच्या कडेवर उजेड आला आणि मग तांबूस, एका बाजूने थोडा झिजलेला चंद्र वर आला. काकाने हात जोडले. तोपर्यंत वडे पार गार झाले होते.